ताटाच्या कडेचा वाटाणा

हाचिमान,
९ फेब्रुवारी

प्रिय चिझुरू,

तुझं यंदाचं नववर्षाचं कार्ड मिळालं. नेहमीसारखंच पहिल्या तारखेच्या सकाळी, रबरबँड लावलेल्या गठ्ठ्यात, दातांच्या डॉक्टरांच्या कार्डाखाली होतं. गेली बत्तीस वर्षं आपण दोघी एकमेकींना छापील शुभेच्छा पाठवतो आणि खाली नुसती सही करतो. याही वेळी तसंच असेल म्हणून मी शेगडीवर तांदळाच्या मोचीच्या वड्या भाजता भाजता ते वाचलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतंस, की वय झालं, पुढल्या वर्षीपासून कार्डं पाठवणं थांबवते आहे, राग नसावा. हल्ली सगळेच असं कळवतात. माझ्या मामेभावानं कळवलं, दातांच्या डॉक्टरांनीही कळवलं, त्याचं मला काही वाटलं नाही. तुझं वाचलं आणि वड्या करपल्या. आपल्यात उरलं होतं ते वर्षातून एकदा येणारं हे एक कार्ड, आणि आता तेही जाणार, हे मला तिथं उभ्या उभ्याच समजलं.

त्याच दिवशी लिहायला बसले होते. तीन कागद फाडले. काय लिहायचं ते ठाऊक होतं, पण सुरुवात जमेना. आता ओसाकाला जाऊन आले आहे आणि लिहिल्यावाचून राहवत नाही.

मी आणि ओसाका, हसू येतंय ना तुला? आपल्या पेठेतली वर्षअखेरची सोडत आठवते का, तो हातानं फिरवायचा लाकडी डबा, ज्यातून पांढरी गोळी पडली की कागदी रुमालांचा पुडा घेऊन घरी जायचं? इतकी वर्षं मी पुडेच आणले. यंदा निळी गोळी पडली. घंटेवाल्यानं अशी घंटा बडवली की माझी नणंद तीन दुकानं पलीकडून धावत आली, तिला वाटलं मला काहीतरी झालं. दोन माणसांची ओसाका सहल, दोन दिवस, एक रात्र. नणंद म्हणजे हारुयो, माझ्या लग्नात माझ्या किमोनोची गाठ चुकली आहे असं चारचौघांत म्हणाली होती तीच. आता ती आणि मी एकाच घरात राहतो. तिचं तोंड अजून तसंच आहे, पण थंडीत माझ्या अंथरुणात गरम पाण्याची पिशवीही तीच ठेवते. तिनं निघायच्या आधी भेटवस्तूंची यादी केली. शेजारपाजारची चौदा घरं, प्रत्येकाला काय आणायचं ते वयाप्रमाणे, मानाप्रमाणे. आमची सहल म्हणजे त्या यादीवर फुल्या मारायची मोहीम आहे असं मला पहिल्या तासाभरातच कळून चुकलं.

पण चिझुरू, मी काय पाहिलं ते तुलाच सांगण्यात अर्थ आहे, कारण ते तुलाच समजेल. तू नि मी शेजारी शेजारी बसून अकरा वर्षं ओसाकाच्या खानावळींची नकली ताटं केली. बर्फाच्या डब्यातून खरा पदार्थ यायचा, आला की त्यावर सिलिकॉन ओतायचं, साचा निघाला की खरा पदार्थ कचऱ्यात. साच्यातून नकली पदार्थ काढून रंग द्यायचा, खानावळीच्या काचेच्या कपाटात मांडायला पाठवून द्यायचा. आणि आपण दुपारी डब्यातला भात आणि मुळ्याचं लोणचं खायचो. मी आजपर्यंत किती हजार ताटं केली असतील, त्यातलं एकही चाखलेलं नाही. वासावरूनसुद्धा मला काही सांगता येत नव्हतं, कारण आपल्याकडे पोहोचेपर्यंत सगळं गारठलेलं असायचं.

तर पहिल्याच दुपारी एका टपरीवर ताकोयाकी घेतली. ऑक्टोपसचे ते गोळे मी झोपेतसुद्धा रंगवू शकेन. तीन तपकिरी छटा, वर गडद सॉसची चकाकी, त्यावर सुक्या माशाचा पातळ कीस. तो कीस आपण प्लास्टिकच्या कागदाचा करतो आणि चिमट्यानं एकेक चिकटवतो. टपरीवाल्यानं माझ्या हातात होडीच्या आकाराची कागदी ताटली ठेवली आणि चिझुरू, कीस हलत होता. खालच्या वाफेनं एकेक तुकडा उठत होता, वळत होता, परत आडवा होत होता, जणू त्याला अजून जीव आहे. मी त्रेचाळीस वर्षं तो कीस चिकटवते आहे आणि तो हलतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी रस्त्याच्या मधोमध तशीच उभी. हारुयो म्हणाली, "वहिनी, खायचंय की तपासणी करायचीय?" मी एक गोळा तोंडात टाकला, जीभ पोळली, डोळ्यांतून पाणी आलं. बाकावर बसलेल्या एका अनोळखी बाईनं पिशवीतून चघळायची गोळी काढून माझ्या मुठीत कोंबली आणि म्हणाली, "घ्या ताई, पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं." पोळल्याचं म्हणत होती ती.

मग मी सुटलेच. उडोनच्या जाड शेवयांचं पाणी आपण किती फिकट करायचो आठवतं? ओसाकावाल्यांना गडद चालत नाही म्हणून मालक आपल्याला ओरडायचे, आणि आपण म्हणायचो, एवढ्या फिक्या पाण्याला कसली चव असणार? मी तो वाडगा दोन्ही हातांनी उचलून प्यायले. त्या पाण्यात अख्खा समुद्र होता आणि तो कुठंच दिसत नव्हता. कशाचं आहे ते विचारलं तर म्हाताऱ्या दुकानदारानं समोरच्या वाळलेल्या समुद्री पाल्याच्या दुकानाकडे बोट दाखवलं. तिथं गेले. खालपासून आढ्यापर्यंत काळे-हिरवे पट्टे रचलेले. मी एकेक हातात घेऊन उजेडाकडे धरून बघत होते, कडेची पांढरी भुकटी कशी बसते ते. दुकानदार म्हणाला, "बाई, एवढं निरखताय, लग्न लावून द्यायचंय का त्याचं?" हारुयोनं तेवढ्यात सात पुडे उचलले आणि यादीवर सात फुल्या मारल्या.

आणि त्या झाकलेल्या बाजारपेठा. चालत राहा, चालत राहा, संपतच नाहीत. मोज्यांचं दुकान, लोणच्यांचं दुकान, नुसत्या सुऱ्यांचं दुकान, आणि मध्ये मध्ये खानावळी, प्रत्येकीच्या दाराशी काचेचं कपाट. कपाटात आपण. हो, आपणच. एका ठिकाणी तळलेल्या डुकराच्या कापाशेजारचा किसलेला कोबी बघितला आणि ओळखलं, हा माझा. मला कोबी थोडा उजवीकडे झुकवायची खोड आहे. माणसं येत होती, काचेपुढे थांबत होती, बोटं दाखवत होती, आवंढे गिळत होती. दोन प्रौढ माणसं चांगल्या कपड्यांत उभी राहून माझ्या कोबीसमोर भांडत होती, की हे खायचं की ते. शेवटी आत गेली. मी आपल्या खोलीत खिडकीकडे पाठ करून जे करत बसते, त्याच्यामुळे कुणाच्या पोटात भूक उठते, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी प्रथमच पाहिलं. मला रडू आलं. हारुयोला सांगितलं, कोबी बघून. तिनं मला एका बाकावर बसवलं आणि मिश्र फळांचा दुधाळ रस पाजला, रंग अगदी फिकट जर्दाळूचा, त्याचीही मी नकळत नोंद घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला म्हटलं, मला एका खानावळीत जायचंय. 'कामोमे' हे नाव वाचून तू कागद खाली ठेवशील हे मला माहीत आहे. थोडा वेळ ठेव, पण परत उचल.

ती अजून आहे. पेठेच्या शेवटच्या टोकाला, न्हाव्याच्या दुकानाशेजारी, पाटीवर तोच पांढरा समुद्रपक्षी. कपाटात मधल्या फळीवर तुझं ऑम्लेट-भाताचं ताट. उन्हानं अंड्याचा पिवळा उडून कागदासारखा झालाय, केचपचा लाल नारिंगीवर आलाय. पण घडी तीच, उजव्या टोकाला किंचित फुगलेली, आत खरंच वाफ कोंडल्यासारखी. तू पिवळा कधीच डब्यातून सरळ लावला नाहीस, आधी खाली तपकिरी सावली द्यायचीस. रंग उडाला तरी सावली टिकली आहे. वर चार वाटाणे. आणि पाचवा ताटाच्या कडेवर, एकटा.

पुढचं तुला माहीत आहे. तरी मला लिहू दे, कारण मी हे आजवर कधी लिहिलं नाही की बोलले नाही. त्या दिवशी मालाची गाडी दारात उभी होती. ताट तपासून झालं अशा चिठ्ठीवर तू घाईनं तुझ्या नावाचा शिक्का आधीच मारून ठेवला होतास. चार वाटाणे लावून झाले होते आणि तुझ्या आईचा फोन आला. जाताना म्हणालीस, "तोशिए, हात लावू नकोस हं, मी आलेच." मी हात लावला. मला तुझा हेवा वाटायचा, चिझुरू. सगळे म्हणायचे अखेरचा हात फिरवावा तर चिझुरूनं, आणि मला एकदा, एका वाटाण्यापुरतं तरी, तो हात माझा असावा असं वाटलं. चिमट्यातून तो घसरला आणि कडेवर चिकटला. ओढून काढला असता तर ताटाची चकाकी गेली असती. मी झाकण लावलं. तू परत आलीस, विचारलंस, "लावला ना नीट?" मी म्हणाले, "नीट लावला." एवढंच. मग ओसाकाहून फोन आला, मालक तिकडे जाऊन माफी मागून आले, आणि आल्यावर सगळ्यांसमोर तुला उभं केलं. तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस. मी खाली मान घालून कोथिंबिरीची पानं कापत होते. तू वाकलीस आणि म्हणालीस, "शिक्का माझा आहे. चूक माझी." तुला खोकी बांधायला बसवलं. महिन्याभरात तू मात्सुयामाला बहिणीच्या संत्र्यांच्या बागेवर निघून गेलीस, आणि तुझं खिडकीजवळचं टेबल मला मिळालं. त्याच टेबलावर मी अजून बसते.

आता ऐक. आम्ही आत जाऊन बसलो. मी तेच मागवलं. ताट आलं, गरम, लोण्याचा वास, अंडं थरथरतंय, वर चार वाटाणे. आणि पाचवा कडेवर, त्याच जागी. मला वाटलं डोळे फसवताहेत. शेजारच्या टेबलावर बघितलं, तिथंही. पलीकडे एक आजोबा होते, त्यांनी आधी तो कडेचा वाटाणा चमच्यानं उचलून खाल्ला, मान लववली आणि मग जेवायला लागले.

मी वाढणाऱ्याला विचारलं. तोच मालक निघाला, सेइजी नाव, पन्नाशीचा, त्या वेळच्या मालकांचा मुलगा. म्हणाला, "तो होय, तो पाहुणा. आमच्याकडे त्याला पाहुणाच म्हणतात." मग हात पुसत पुसत सगळं सांगितलं. ताट आलं त्या दिवशी त्याचे वडील संतापले हे खरं. अन्न सांडल्यासारखं दिसतंय म्हणाले, फोन केला. पण त्याच दुपारी कुणाची तरी छोटी मुलगी रडायला लागली, बाहेर काचेत एक वाटाणा कडेला बसलाय, माझ्या ताटात का नाही? वडिलांचा एक नियम होता, काचेत दिसतं तेच ताटात आलं पाहिजे, नाहीतर आपण खोटे. त्यांनी मुकाट्यानं एक वाटाणा कडेला ठेवला. दुसऱ्या दिवशी दोघांनी गमतीनं मागितला. "आणि ओसाकाचा माणूस सापडलेली गंमत सोडतो का हो?" सेइजी म्हणाला. "आता पाहुणा विसरलो तर ताट परत येतं. मागं वाटाणे संपले होते, तर हे आजोबा म्हणाले, मी बसतो, तू जाऊन घेऊन ये." परीक्षेच्या दिवसांत मुलं मुद्दाम येतात म्हणे. घसरला, पण ताटाबाहेर पडला नाही, म्हणून त्याला खाऊन पेपरला जातात.

त्याच्याकडूनच कळलं, दीड महिन्यानं आपले मालक दुरुस्त केलेलं ताट घेऊन गेले होते, तेव्हा सेइजीच्या वडिलांनी ते मिठाईच्या खोक्यासकट परत केलं. म्हणाले, आता उशीर झाला, आता हाच खरा. मालकांनी आपल्याला कुणालाच हे सांगितलं नाही. तोपर्यंत तू गेली होतीस. त्यांना तोंड दाखवायची लाज वाटली असेल असं मला वाटतं, आणि त्या बाबतीत मी त्यांना काय बोलणार? ते दुरुस्त ताट मीच केलं होतं. परवा कारखान्याच्या गोदामात शोधलं तर सापडलं, सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती. पाचही वाटाणे वर, रंग काल दिल्यासारखा. सुबक आहे. पण ते बघून भूक लागत नाही, चिझुरू. तुझं ते उडालेलं, कागदी झालेलं ताट बघून लागते.

मी तो पाहुणा खाल्ला. मऊ होता, गोडसर, जरासा खारट. आपण केलेल्या वाटाण्याला बत्तीस वर्षांनी चव लागली.

एवढ्यात हारुयोला राहवलं नाही. म्हणाली, "आमची ही वहिनी हेच करते हो, ही नकली ताटं. तुमचंही हिच्याच कारखान्यातलं." सेइजीनं खुर्चीच ओढली. त्यांचं ताट इतकं फिकं पडलंय की नवे लोक विचारतात, अंडं शिळं आहे का. त्यानं तीन ठिकाणी नवं करायला टाकून पाहिलं. सगळे पाहुणा मुद्दाम ठेवल्यासारखा ठेवतात, घसरून आल्यासारखा कुणालाच जमत नाही. "ज्या हातानं हा केला तोच हात हवा," तो म्हणाला. "कुणाचा होता?" आणि बघ, मी परत तिथंच येऊन उभी राहिले. नणंद समोर, आजोबा ऐकताहेत, आणि तोंडाला तेच जुनं कुलूप. मी पाणी प्यायले. मग म्हणाले, "ताट माझ्या मैत्रिणीनं केलं. वाटाणा माझ्या हातून घसरला. बोलणी तिनं खाल्ली." सेइजीनं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, "मग दोघींनी मिळून करा."

परतीच्या गाडीत मी हारुयोला टेबलाचंही सांगितलं, त्यावर ती गिफूपर्यंत गप्प होती. तिला इतका वेळ गप्प मी तिच्या नवऱ्याच्या अंत्यविधीतही पाहिलं नव्हतं. मग म्हणाली, "वहिनी, बत्तीस वर्षं तू त्या टेबलावर बसलीस?" मी म्हटलं, हो. तिनं एक संत्रं सोललं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "घरी गेल्यावर पत्र लिही. नाहीतर मी लिहीन, आणि माझं अक्षर तुला ठाऊक आहे."

चिझुरू, मला माफ कर असं मी आधी लिहिणार होते, तो शब्द मी तिन्ही फाडलेल्या कागदांवर लिहिला होता. मी तुझं काम घेतलं, तुझं नाव घेतलं, आणि तू काही बोलली नाहीस याचा मी आधार घेऊन राहिले. त्याची मला रोज लाज वाटते. कार्डं तू खुशाल थांबव, कार्डावर जागाही किती कमी असते. पण बारा मार्चला ओसाकाहून 'कामोमे'चं खरं ताट बर्फातून येणार आहे. मालक गेल्यापासून त्यांची मुलगी कारखाना बघते, तिला मी सगळं सांगितलंय, तिनं होकार दिलाय. खिडकीजवळचं टेबल मी रिकामं केलंय, तुझा जुना चिमटा अजून त्याच खणात आहे. तू ये. अंडं तू कर, ते मला कधीच जमलं नाही आणि आता डोळेही साथ देत नाहीत. चिठ्ठीवर शिक्का तुझाच, पण या वेळी सगळं झाल्यावर मार. चार वाटाणे तू लाव. पाचवा मी लावीन, कडेवर, घसरला होता तिथंच, आणि तू शेजारी बसून बघत असशील तेव्हाच.

तुझीच,
तोशिए